खिशातला टॉर्च: आधी सेल ठरवा, मग बाकीचं

तुमचा प्रश्न असा: वडील जुन्नर तालुक्यात ऊस आणि टोमॅटो करतात. थ्री-फेज वीज काही दिवस रात्रीचीच असते, मग बारा-एक वाजता विहिरीवर जाऊन मोटर चालू करावी लागते. सध्या ते मोबाईलच्या उजेडावर जातात. त्यांच्यासाठी सदऱ्याच्या खिशात मावेल आणि गावच्या दुकानात मिळणाऱ्या सेलवर चालेल असा टॉर्च तुम्हाला हवा आहे. दुकानदार मात्र म्हणतो की सेलचा जमाना गेला, चार्जिंगवाला घ्या, सातशे लुमेनचा आहे. (लुमेन म्हणजे टॉर्चमधून बाहेर पडणाऱ्या उजेडाचं माप.)

मी टॉर्चचा व्यापारी नाही, गुरांचा डॉक्टर आहे. परळच्या कॉलेजातून बाहेर पडल्यापासून सव्वीस वर्षं याच पट्ट्यात रात्री-अपरात्री गोठ्यांवर जातो. एवढ्या काळात माझे पंधरा तरी टॉर्च गेले असतील. काही शेणात गेले, एक विहिरीत, एक म्हशीच्या पायाखाली आणि बाकीचे सेलनीच आतून खाल्ले. खाली जे लिहितोय ते या पंधरांनी शिकवलेलं आहे.

मोबाईलचं आधी उरकतो. मोबाईलचा दिवा उजेड पसरवतो, फेकत नाही. दहा-बारा पावलांपुढे बांधावर काय पडलंय ते त्यात कळत नाही. त्याहून मोठी अडचण अशी की पाय घसरून पडलात तर घरी कळवायला जी वस्तू लागणार, तीच तुम्ही उजेडासाठी पुढे धरून चालत असता. ती पाटात पडली की दोन्ही गेलं.

दुकानदाराचं म्हणणं अगदीच खोटं नाही. जाड लिथियम सेल, ज्याला 18650 म्हणतात, त्यात पेन्सिल सेलच्या चौपट-पाचपट वीज मावते. माझ्या मोटरसायकलच्या डिकीत तसा एक टॉर्च आहे आणि मोठ्या गोठ्यात मला तो लागतो. पण तो रोज खिशात राहत नाही, आणि जो खिशात राहत नाही तो विहिरीवर जाताना घरीच असतो. बाजारातल्या स्वस्त चार्जिंगवाल्या टॉर्चची गोष्ट आणखी वेगळी. त्यातल्या बऱ्याच मोठ्या टॉर्चमध्ये आत छोटी शिशाची बॅटरी असते. पावसाळाभर तो उतरलेल्या अवस्थेत खुंटीला लटकून राहिला की ती बॅटरी मरते, आणि ती बदलता येईल अशी सोय सहसा नसते. साध्या सेलच्या टॉर्चमध्ये सेल मेला तर सेल फेकायचा, टॉर्च राहतो. वडिलांसाठी सेलवालाच घ्या. प्रश्न आहे तो कुठल्या सेलचा.

आपल्याकडे लोक टॉर्चलाच ‘बॅटरी’ म्हणतात, म्हणून स्पष्ट करतो: सेल म्हणजे आत घालायचा तो. खिशातल्या टॉर्चसाठी दोनच मापं कामाची. भिंतीवरच्या घड्याळात असतो तो पेन्सिल सेल, म्हणजे डबल-ए, 14.5 मिलिमीटर जाड आणि 50.5 मिलिमीटर लांब. आणि टीव्हीच्या रिमोटमधला बारीक सेल, म्हणजे ट्रिपल-ए, 10.5 मिलिमीटर जाड आणि 44.5 मिलिमीटर लांब. हातात धरले तर फरक थोडासा वाटतो, पण पोटात बारीक सेल जाड्याच्या निम्माही नाही. चांगल्या चार्जेबल डबल-एमध्ये सुमारे 2.3 वॉट-तास वीज असते, ट्रिपल-एमध्ये 0.9. ट्रिपल-एचा टॉर्च किल्ल्यांच्या जुडग्यात, पेनाशेजारी, डॉक्टरी बॅगेच्या कप्प्यात छान. माझ्याकडे तो आहे आणि इंजेक्शनच्या बाटलीवरची तारीख वाचायला तोच काढतो. शेतात जाणाऱ्या माणसाला तो देऊ नका.

आणि सेल एकच असलेला टॉर्च घ्या. दोन-तीन सेलवाल्यात एक जुना आणि एक नवा घातला की जुना आधी संपतो, नवा त्याच्यातून उलटी वीज ढकलत राहतो आणि जुना फुगतो किंवा गळतो. घराघरात हे होतं, कारण घरात दोन नवे सेल एकाच वेळी कधी सापडत नाहीत.

आता सेलची जात. चुका होतात त्या इथेच, म्हणून जरा थांबून सांगतो.

गावच्या किराणा दुकानात माळेसारखे टांगलेले लाल किंवा निळे सेल बहुतेक जस्त-कार्बनचे असतात. यात जस्ताचा डबा हाच सेलचा एक ध्रुव असतो. सेल वापरला जातो तसतसा तो डबाच आतून झिजतो आणि शेवटी त्याला भोक पडतं. म्हणजे हा सेल बिघडला म्हणून गळत नाही, त्याची घडणच तशी आहे. घड्याळाला, रिमोटला तो उत्तम, कारण तिथे वीज थेंबाथेंबाने लागते. टॉर्चला एका झटक्यात एक अँपिअर लागला की त्याचा दम काही मिनिटांत संपतो आणि टॉर्च मिणमिणतो. त्याच सेलवर टॉर्च हळू उजेडाला लावा, तो तासन्‌तास चालेल. अडीअडचणीला हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

त्याच्या वरचा अल्कलाइन. दुप्पट-तिप्पट महाग आणि तेवढाच जास्त टिकाऊ, पण हळू वापरात. डब्यावर अडीच हजार मिलीअँपिअर-तासांची (सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप) भाषा असते, ती बारीक धारेची. पूर्ण उजेडावर चालवला तर त्यातली निम्मीच हाती लागते. आणि हाही गळतो. टॉर्चमध्ये विसरलेला अल्कलाइन सेल पांढऱ्या खारासारखा फुलतो, झाकण आटे धरून बसतं. माझे निदान पाच टॉर्च असेच गेले. तो पांढरा थर अल्कलीचा असतो, म्हणून लिंबाचा रस किंवा व्हिनेगर कापसाला लावून पुसायचा, मग ओल्या फडक्याने, मग कोरडा करायचा. हाताला लागू देऊ नका. जस्त-कार्बनचा गळालेला सेल मात्र आम्लधर्मी असतो, तिथे लिंबू नाही, खायचा सोडा.

तिसरा चार्जेबल, निकेल-मेटल हायड्राइड. लोक म्हणतात हा 1.2 व्होल्टचा, साधा 1.5 चा, म्हणजे चार्जेबलवर उजेड कमी पडणार. नेमकं उलटं होतं. अल्कलाइनचे 1.5 व्होल्ट फक्त सुरुवातीचे असतात, भार पडला की तो भराभर उतरत जातो. चार्जेबल मात्र शेवटपर्यंत 1.2 च्या आसपास टिकून राहतो आणि मग एकदम बसतो. शिवाय पांढऱ्या एलईडीला तीनेक व्होल्ट लागतात, म्हणजे एका सेलच्या टॉर्चमध्ये व्होल्टेज चढवणारं छोटं सर्किट असतंच. त्याला 1.2 काय आणि 1.5 काय, फार फरक पडत नाही. त्याला हवा असतो मागेल तेवढी वीज न दमता देणारा सेल. म्हणून डबल-ए टॉर्चमध्ये चार्जेबल सेल घाला, तो जास्त उजळ आणि जास्त वेळ चालतो. आणि गळत तर जवळजवळ नाहीच.

जुन्या चार्जेबलची एक खोड होती, नुसता ठेवला तरी महिना-दीड महिन्यात बराच उतरायचा. 2005 साली सान्योने एनेलूप काढला तेव्हा ते बदललं. चार्ज करून वर्षभर कपाटात ठेवला तरी बरीचशी वीज शाबूत राहते. आज अनेक कंपन्यांचे असे सेल मिळतात. पाकिटावर ‘आधीच चार्ज केलेला’ अशा अर्थाचं काही लिहिलेलं असेल तर साधारण त्याच जातीचा समजा. डबल-ए 1900 ते 2100 मिलीअँपिअर-तासांचाच घ्या. 2500 वाला जास्त चालतो, पण कमी वेळा चार्ज होतो आणि लवकर म्हातारा होतो. आणि डबल-एवर 3500, 4700 असे आकडे छापलेले दिसले तर ते पाकीट परत ठेवा. या मापात या जातीचा सेल 2700-2800 च्या पुढे जात नाही, कोणीही बनवला तरी.

चार्जर असा हवा की प्रत्येक सेलला वेगळा दिवा असेल आणि सेल भरला की तो आपोआप थांबेल. दोनच्या जोडीने घालायचे, वेळेवर चालणारे स्वस्त चार्जर सेल शिजवतात. सेल हाताला कोमट लागला तर ठीक, चटका बसला तर चार्जर बदला. साधा किंवा अल्कलाइन सेल त्यात कधीही घालू नका. घरात लहान मुलं चार्जरशी खेळत असतील तर हे त्यांनाही सांगा.

चौथा, चार्ज न होणारा 1.5 व्होल्टचा लिथियम सेल. अल्कलाइन 23 ग्रॅमच्या आसपास, हा 15. उन्हाने तापलेल्या डिकीत वर्षानुवर्षं राहिला तरी गळत नाही. महाग आहे आणि खेड्यात मिळत नाही. मी एकच घेऊन प्लॅस्टिकच्या डबीत गाडीत टाकून ठेवलाय, सगळं संपलं तर म्हणून.

एका सेलपासून मात्र जपा. 14500 नावाचा लिथियम-आयन सेल दिसायला हुबेहूब पेन्सिल सेल असतो, पण पूर्ण भरल्यावर 4.2 व्होल्टचा. काही टॉर्च दोन्ही घेतात, तसं त्यांच्या कागदावर लिहिलेलं असतं, आणि हा सेल घातल्यावर उजेड दुप्पट-तिप्पट होतो. पोरं हे व्हिडिओत बघतात आणि साध्या डबल-एच्या टॉर्चमध्ये तो घालतात. त्यातलं सर्किट क्षणात जळतं. घरात असे सेल आणून ठेवूच नका, कारण उद्या कोणीतरी तोच घड्याळात घालणार.

आता लुमेन. दुकानदाराच्या सातशे लुमेनचा हिशोब तुम्ही स्वतः करू शकता. खिशातला टॉर्च सेलमधल्या प्रत्येक वॉटमागे साधारण सत्तर ते शंभर लुमेन बाहेर टाकतो. डबल-एत 2.3 वॉट-तास. गुणाकार केला तर दीडशे ते सव्वादोनशे लुमेन-तास येतात. म्हणजे शंभर लुमेन दीड-दोन तास, किंवा पन्नास लुमेन तीन-चार तास. ट्रिपल-एला हाच आकडा साठ ते नव्वद. डब्यावर एका पेन्सिल सेलवर ‘700 लुमेन, 12 तास’ छापलेलं असेल तर 8400 लुमेन-तास झाले. सेलमध्ये नाही ते टॉर्च कुठून आणणार?

कधीकधी दोन्ही आकडे वेगवेगळे खरे असतात, एकत्र मात्र नाही. अमेरिकेत 2009 साली टॉर्च मोजायचं एफएल-1 नावाचं मानक ठरलं, चांगल्या कंपन्या ते पाळतात. त्यात लुमेन मोजतात ते चालू केल्यावर अर्ध्या मिनिटापासून दोन मिनिटांपर्यंत. आणि ‘किती वेळ चालतो’ हे मोजतात उजेड सुरुवातीच्या एक दशांशावर येईपर्यंत. मग टॉर्च तीन मिनिटं तीनशे लुमेन देऊन पुढचे दोन तास चाळीसवर चालला तरी कागदावर ‘300 लुमेन, 2 तास’ लिहिता येतं. खोटं कोणी बोललं नाही, आपण चुकीचं वाचलं. त्यामुळे कंपनीच्या कागदावर उजेड आणि वेळ यांची वक्ररेषा दिली असेल तर ती बघा. सपाट जाऊन शेवटी पडणारी रेषा चांगली. पहिल्या मिनिटापासून घसरगुंडी असेल तर तो टॉर्च फक्त दुकानात भारी दिसतो.

आणि डोळा लुमेन मोजत नाही. उजेड दुप्पट भासायला तो जवळपास चौपट करावा लागतो. शंभर आणि दीडशेच्या टॉर्चमधला फरक गोठ्यात तुम्हाला कळणारही नाही. उलट पाच लुमेनची सोय आहे की नाही हे रोज कळेल. झोपलेल्या घरात चप्पल शोधायची, व्यायलेल्या गाईला बुजू न देता लांबून बघायचं, लाइट गेल्यावर जेवण उरकायचं, हे सगळं पाच लुमेनमध्ये होतं आणि सेल दिवसभर पुरतो. पाऊलवाटेला वीस-तीस. अंगणात, खळ्यावर शंभर. टॉर्च घेताना मी सगळ्यात मोठा आकडा शेवटी बघतो, सगळ्यात लहान आधी.

लांब किती पडतो, याचं गणित वेगळं. कागदावर ‘90 मीटर’ लिहिलेलं असेल तर त्या मानकात अर्थ असा की नव्वद मीटरवर पाव लक्स, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड उरतो. चांदण्यात उसाच्या कडेला काहीतरी आहे एवढं दिसतं, काय आहे ते नाही. म्हणून मी छापलेल्या अंतराचा तिसरा भाग धरतो. अंतर तिसऱ्यावर आणलं की उजेड नऊपट होतो, तेवढ्यात कुत्रं आहे की कोल्हा ते कळतं. तुमच्याकडे बिबट्याचा विषय निघणारच, म्हणून सांगतो: डोळ्यांची चमक खूप लांबून दिसते, पण ती गाईचीही दिसते, मांजराचीही. चमकेवरून ठरवू नका. उसाच्या कडेने जाताना बोलत जावं, मोबाईलवर गाणं लावून जावं. टॉर्च हे बिबट्यावरचं हत्यार नाही, आणि लुकलुकणारा जो मोड असतो तो तर मुळीच नाही. त्या मोडने माझ्या हातातली बुजलेली कालवड दावं तोडून गेली आहे. चालू-बंद करताना मध्ये लुकलुक येणारा टॉर्च मी कोणी फुकट दिला तरी घेत नाही.

खरी भीती सापाची, आणि तिथे टॉर्च खरंच उपयोगी पडतो, फक्त धरायचा कसा ते कळलं पाहिजे. डोक्यावर लावलेला दिवा डोळ्यांच्याच रेषेतून पडतो, त्यामुळे सावल्या दिसत नाहीत आणि जमीन सपाट वाटते. हात खाली सोडून, मांडीच्या उंचीवरून पुढे तिरपा मारला की प्रत्येक ढेकळाची लांब सावली पडते. पाचटात वेटोळं घालून बसलेली घोणस अशा सावलीनेच उठून दिसते. पायात गमबूट, आणि टॉर्च खाली.

रंगाबद्दल थोडं जास्त बोलतो, माझं पोट त्यावर आहे. आजारी गाईची खालची पापणी ओढून मी आतली लाली बघतो. फिकट आहे, पिवळट आहे की गुलाबी, यावर पुढची औषधं ठरतात, गोचीड तापात तर फारच. स्वस्त एलईडीचा उजेड निळसर असतो, लाल रंग त्यात जवळपास नसतो. त्या उजेडात चांगली पापणीही पांढुरकी दिसते आणि कावीळ लपून राहते. सुरुवातीच्या वर्षांत अशा एका गाईला मी रात्री रक्त कमी आहे असं ठरवलं, आणि सकाळी सूर्यप्रकाशात बघितलं तर पापणी हळदीसारखी पिवळी. गाय वाचली, पण तो टॉर्च मी पोराला खेळायला देऊन टाकला.

पांढरा एलईडी मुळात निळाच असतो, त्यावरचा पिवळा लेप तो पांढरा भासवतो. याच निळ्या एलईडीच्या शोधाला 2014 साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. ते मिळालेल्या तिघांपैकी शुजी नाकामुरा शोधाच्या वेळी जपानच्या निचिया कंपनीत होते, आणि आजही खरे रंग दाखवणाऱ्या टॉर्चसाठी शौकीन लोक निचियाचाच एलईडी शोधतात. कागदावर सीआरआय नावाचा आकडा असतो. 70 म्हणजे रस्त्यावरचा दिवा, 90 च्या वर म्हणजे रंग ओळखता येतील असा. उजेड थोडा कमी होतो, होऊ दे. वडिलांना टोमॅटोच्या पानावरचा करपा रात्री बघायचा नाही, तेव्हा त्यांना 90 हवाच असं नाही. पण स्टार्टरमधल्या लाल, पिवळ्या, निळ्या वायरी ओळखायच्या आहेत. परवडला तर घ्या. दुकानात हे तपासायला सोपी युक्ती आहे: टॉर्च आपल्याच तळहातावर मारा. हात जिवंत दिसला पाहिजे. मढ्यासारखा राखाडी दिसला तर पुढचा बघा.

तळहात बघितलात तसा एकदा हळू मोडवर टॉर्चसमोर बोटं भराभर हलवून बघा. बोटं तुकड्यातुकड्यांनी दिसली तर तो आतून सारखा चालू-बंद होऊन उजेड कमी करतोय. काहींचं त्याने डोकं दुखतं.

बटणाचं मत प्रत्येकाचं वेगळं. डोकं पिळून चालू होणारे टॉर्च सगळ्यात साधे, पण दोन हात लागतात आणि ओल्या, तेलकट हाताने ते फिरत नाहीत. मला शेपटीकडे कट्ट आवाज करणारं रबरी बटण आवडतं, अंधारात अंगठ्याला सापडतं. अंगावरचं मऊ इलेक्ट्रॉनिक बटण दिसायला छान, पण खिशात दाबलं जातं आणि बंद असतानाही सेल थोडा थोडा चाटत राहतं. तसा घेतलाच तर शेपटी पाव फेरा सैल करून ठेवा. बहुतेक चांगल्या टॉर्चच्या आट्यांवर वीज न जाऊ देणारा थर असतो, त्यामुळे सैल केला की संबंध तुटतो. आटे चांदीसारखे उघडे चकचकीत असतील तर ही युक्ती चालत नाही. मोड तीनच असावेत आणि चालू करताना हळूपासून सुरू व्हावेत. सत्तरीतल्या माणसाला ‘दोनदा दाबून धरा’ शिकवायला जाऊ नका, तो परत मोबाईल काढेल.

क्लिप नसलेला टॉर्च अर्धा टॉर्च. क्लिप दोन्ही बाजूंनी अडकवता येणारी असावी, म्हणजे टोपीच्या पुढच्या पट्टीला लावली की उजेड हातापुढे पडतो. तरुणपणी मी टॉर्च दातात धरायचो, त्याला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून. आमच्या धंद्यात ही शुद्ध मूर्खपणाची गोष्ट. गाभडलेल्या गाईच्या वारेचे हात टॉर्चला, टॉर्च तोंडात, आणि ब्रुसेला नावाचा जंतू असा येतो की माणसाचा ताप महिनोन्‌महिने हटत नाही. मी वाचलो ते नशिबाने. वडिलांचे हात औषधाचे, खताचे असतात. त्यांनाही तोंडात धरू देऊ नका.

अजून एक, आणि हे खरं तर सगळ्यात वर लिहायला हवं होतं. खिशातले चांगले टॉर्च ॲल्युमिनियमचे असतात. मोटरच्या स्टार्टरची पेटी उघडून आत तो टॉर्च धरायचा नाही. हातातून निसटून दोन फेजच्या टोकांवर पडला तर समोर स्फोटच होतो. टॉर्च टोपीला लावा, नाही तर बाहेर उभं राहून लांबून मारा. याच कारणासाठी शेपटीत लोहचुंबक असलेला टॉर्च स्टार्टरच्या पत्र्याला चिकटवण्याचा मोह होतो, तोही नको, तिथून तो खालीच घसरतो. चुंबक ट्रॅक्टरच्या बॉनेटला बरा. आम्ही तो गाईला खायला घालतो, गिळलेली तार पोटात एका जागी धरून ठेवायला, पण तो विषय वेगळा.

पाण्याचं थोडक्यात. आयपीएक्स-7 किंवा 8 लिहिलेलं असावं. 7 म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. आट्यांवरच्या काळ्या रबरी कडीला वर्षातून एकदा सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवा. खोबरेल नको, थंडीत गोठतं आणि माती धरतं. पडल्यावर टिकण्याचा आकडाही कागदावर असतो, एक मीटर बहुतेकांचा असतोच.

कंपनी कुठली असं विचाराल. स्ट्रीमलाइट, फेनिक्स, थ्रूनाइट, सोफर्न यांचे डबल-एवर चालणारे टॉर्च मिळतात, पण मॉडेल दर वर्षी बदलतात आणि आपल्याकडे कुठला मिळेल त्याचा नेम नाही. नावापेक्षा वरची तपासणी घेऊन दुकानात जा: एक डबल-ए, शेपटीला बटण, तीन मोड, हळूपासून सुरुवात, दोन्ही बाजूंची क्लिप, पूर्ण उजेड शंभर ते दोनशेच्या मध्ये. एवढं जमलं आणि सीआरआय 90 मिळाला तर नशीब. हे सगळं नसलेला पण क्लिप आणि साधं बटण असलेला गावठी टॉर्चही सातशे लुमेनच्या गोष्टीपेक्षा बरा.

वडिलांचा हिशोब करून देतो. जाऊन-येऊन वीस मिनिटं, ऐंशी लुमेनवर, म्हणजे रात्रीला सत्तावीस लुमेन-तास. डबल-ए चार्जेबल पाच-सहा रात्री आरामात चालेल. चार सेल घ्या. मार्करने दोघांवर एक रेघ, दोघांवर दोन रेघा काढा, म्हणजे जोड्या मिसळणार नाहीत. एक टॉर्चमध्ये, एक सदऱ्याच्या दुसऱ्या खिशात प्लॅस्टिकच्या डबीत. नुसता ठेवला तर किल्ल्यांना लागून तापतो. दुसरी जोडी घरी, भरलेली. तारखा लक्षात ठेवायला कोणाला सांगू नका, ते होत नाही. थ्री-फेजची पाळी रात्रीवरून दिवसावर आली की त्याच सकाळी टॉर्चमधला आणि डबीतला सेल चार्जरवर, घरची जोडी खिशात. वीज कधी पालटते हे वडिलांना तुमच्या-माझ्या आधी माहीत असतं.